एकतीस क्रमांकाची गोगलगाय

“शहरात गोगलगाई आढळतात, त्यांचे प्रकार दोन : शंखी व बिनशंखी.”

हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता, आणि तो मी अत्यंत हलक्या हाताने टेबलावर ठेवला. संतापाच्या भरात कप आपटणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांचा संताप बशीवर निघून जातो आणि पाच मिनिटांत ती वर्तमानपत्र वाचू लागतात. माझा संताप थंड आणि टिकाऊ आहे. तो मी तारीख घालून ठेवतो.

वाक्य होते पालिकेच्या उद्यान खात्याच्या आगामी पुस्तिकेतले. ‘आपल्या शहराची जीवसंपदा’ हे तिचे नाव, आणि मजकूर सिद्ध केला होता आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांनी. त्यांचा स्वतःचा अभ्यास बेडकांचा. त्यामुळे पुस्तिकेत बेडकांना चार पाने होती, रंगीत. कबुतरांना सहा होती. ती पालिकेच्या इमारतीवरच बसतात, तेव्हा त्यांना डावलणे अवघड झाले असावे. गोगलगाईंना एक ओळ, आणि तीही समासापर्यंत पोचत नव्हती. त्याच विभागात, विभागप्रमुखांच्या दालनापासून अकरा पावलांवर बसून, गेली सत्तावीस वर्षे मी गोगलगाईंखेरीज दुसरा विषय केलेला नाही, ही गोष्ट त्यांच्या स्मरणातून निसटली होती.

(‘गोगलगाय’ या शब्दात गाय आहे, यावरचा विनोद मी येथे करणार नाही. आमच्या इमारतीत तो नऊ जणांनी केला आहे, आणि तो आपल्यालाच सुचला असे त्यांतल्या प्रत्येकाला वाटते.)

आता ‘शंखी व बिनशंखी’ यात बिघडले काय, असे एखादा सुशिक्षित माणूसही विचारील. माणसांचे प्रकार दोन, टोपी घातलेली व टोपी न घातलेली, असे कोणी छापले तर जे बिघडेल तेच. निरनिराळ्या घराण्यांतल्या गोगलगाईंनी निरनिराळ्या काळी, एकमेकींना न विचारता, पाठीवरचा शंख टाकून दिलेला आहे. त्यामुळे भिंतीवर शेजारीशेजारी चालणाऱ्या दोन बिनशंखींचे परस्परांशी नसेल इतके जवळचे नाते त्यांतल्या एकीचे समोरच्या कुंडीतल्या शंखवालीशी असू शकते. उलट एकसारखे शंख घेऊन फिरणाऱ्या दोघींपैकी एखादी दार लावून घेणारी निघते : तिच्या शेपटीवर एक वाटोळे झाकण असते, आत शिरली की ते ती तोंडाशी ओढून घेते. या झाकणवालीचे डोळे शिंगांच्या बुडाशी, दुसरीचे शिंगांच्या टोकाला. पहिलीत नर निराळा, मादी निराळी. दुसरी एकटीच दोन्ही. दोघींचे पूर्वज समुद्रातून जमिनीवर आले तेच मुळी वेगळ्या वाटांनी, वेगळ्या युगांत. एवढे सगळे माझ्या खिडकीखालच्या आवारात रोज सकाळी चाललेले असते, आणि पुस्तिका म्हणते, दोन.

मी विभागप्रमुखांकडे गेलो.

“अहो, सामान्य वाचकासाठी आहे ते,” ते म्हणाले.

“सामान्य वाचकाला चुकीचेच द्यावे असा नियम आहे का?”

“तुम्ही फार मनाला लावून घेता. किती हवेत तुम्हाला? तीन करू?”

“प्रकार हवे तितके नसतात. असतात तितके असतात.”

“मग उद्यान खात्याकडे दुरुस्तीचा अर्ज करा,” ते बेडकांच्या चौथ्या पानाकडे वळत म्हणाले. “पंधरा दिवसांनी छपाई आहे. त्यांनी मान्य केलं तर माझी काही हरकत नाही.” त्यांच्या आवाजात ती शांतता होती जी उद्यान खात्यात पूर्वी जाऊन आलेल्या माणसाच्याच आवाजात असते.

उद्यान खात्यातले कारकून अतिशय सज्जन होते. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सगळे त्यांच्या सज्जनपणामुळे घडले. त्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला आणि खणातून एक छापील नमुना काढला.

“हा झाडांच्या गणनेचा नमुना आहे,” मी म्हणालो.

“सजीवांचा आहे, सर. आजवर झाडंच आली, म्हणून तुम्हाला झाडांचा वाटतो.”

आम्ही तो मिळून वाचला. जात, उंची, अंदाजे वय, बुंध्याचा घेर.

“बुंधा नसतो,” मी म्हणालो.

“सगळ्यात जाड जिथे असेल तिथे मोजा. पुढे. विजेच्या तारांना अडथळा होतो काय?”

“होत नाही.”

“‘नाही’ असं लिहा. रिकामं सोडू नका, रिकामं सोडलं की परत येतं. रस्त्याकडे झुकलेले आहे काय?”

“कधीकधी.”

“‘अंशतः’ लिहा,” ते समाधानाने म्हणाले. आपला नमुना एका नव्या सृष्टीला पुरून उरतो आहे, याचा त्यांना मनापासून आनंद होत होता.

अटी तीन होत्या. गणना एकाच आवारात व्हावी. प्रत्येक सजीवावर रंगाने क्रमांक घालावा, म्हणजे एकच दोनदा मोजला जाणार नाही. आणि तपासणीच्या दिवशी सगळे क्रमांक जागेवर दाखवून दोन रहिवाशांच्या सह्या घ्याव्यात. त्यांतली एक इमारतीच्या अध्यक्षांची.

“आणि एकही क्रमांक कमी भरला तर?” मी विचारले.

“तर अर्ज बाद. झाडं कुठे जात नाहीत ना, सर, म्हणून असा नियम आहे.”

मी घरी आलो तो जवळजवळ पळत. संताप होताच, पण त्याच्या खाली काहीतरी वेगळे उकळू लागले होते. सत्तावीस वर्षांत गोगलगाईंविषयी मला कोणी पुरावा मागितला नव्हता. आता एक सरकारी खाते मागत होते, छापील नमुन्यावर.

पहिली अडचण रंगाची. भिंतीचा रंग शंखाला जड होतो, शाई पुसली जाते. नखांना लावायचा रंग मात्र उत्तम बसतो, आणि गोगलगाईला त्याचा त्रास होत नाही. तो घरात होता. मी बायकोकडे मागितला.

“कशाला?” तिने विचारले.

“शास्त्रीय कामासाठी.”

“मागच्या वेळी शास्त्रीय कामासाठी माझी चहाची गाळणी नेली होती. ती अजून परत आलेली नाही.”

“ती आता तुला नकोच असेल.”

तिने गुलाबी बाटली दिली. लालही होती; पण लाल ती स्वतः वापरते.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना, कुंड्यांना पाणी घालून झाल्यावर, मी खाली उतरलो. भिंगातून पाहायचे तर पालथे पडणे भाग असते. मी अध्यक्षांच्या कुंड्यांखाली पालथा पडलो, आणि पहिल्या अर्ध्या तासात आठ जणी. भुईचक्रासारखी चपटी, खिळ्यासारखी लांबट, मनोऱ्यावर मनोरा चढवलेली, काचेसारखी, जिच्या शंखातून आतले हृदय धडधडताना दिसते, झाकणवाली, आणि एक बारीक, पिवळ्या अंगाची, जी दुसऱ्या गोगलगाईंना खाते आणि खातानाही घाई करत नाही. काडीच्या टोकाने मी एकेकीवर आकडा काढत होतो.

“श्वास घेताय ना?” मागून आवाज आला.

तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर. एकतीस वर्षे रुग्णालयात नोकरी करून निवृत्त झाल्या, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. खिडकीतून मला पालथा पडलेला पाहून त्या रक्तदाब मोजायचे यंत्र घेऊन उतरल्या होत्या. त्यांनी माझे मनगट धरले.

“नाडी फार जलद आहे.”

“आनंदामुळे आहे,” मी म्हणालो.

“या वयात आनंद उताणं पडून करायचा असतो.” मग त्यांनी आठ क्रमांकाकडे निरखून पाहिले. “नंबर पाठीवर टिकणार नाही. आम्ही मनगटाला पट्टी बांधायचो.”

“यांना मनगट नसते, सिस्टर.”

“तान्ह्या बाळांनाही नसल्यासारखंच असतं. बांधायचो.”

पाचव्या दिवशी अध्यक्षांनी जिन्यात गाठले. अध्यक्ष लिफ्टच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आवारातल्या बावीस कुंड्या त्यांच्या, टपालपेट्यांची देखरेख त्यांची, सूचनाफलकाची किल्लीही त्यांचीच.

“सर, रविवारी मिठाच्या दोन गोण्या येतायत,” ते म्हणाले. “तुमच्या मंडळींना निरोप देऊन ठेवा.”

“मिठाने त्यांच्या अंगातले पाणी ओढले जाते. त्या तडफडून मरतात.”

“आणि माझी रोपं काय हसत मरतात? टपालपेट्यांतली पत्रंसुद्धा कुरतडतात त्या. परवा एक लग्नपत्रिका आली, वधूचं नावच नाही. कुणाचं कुणाशी लग्न, काही कळेना. आम्ही गेलो नाही.”

ते खरे होते. गोगलगाईच्या जिभेवर हजारो बारीक दातांची पट्टी असते, आणि ओलसर कागद तिला मनापासून आवडतो. (विभागप्रमुखांना हे मी एकदा सांगितले होते. ते म्हणाले, “उंदीर असतील.”)

रविवार उजाडला. मी खाली पोचलो तेव्हा अध्यक्ष मिठाने भरलेली मूठ घेऊन एका कुंडीवर वाकले होते, आणि तसेच थिजले होते.

“सर, हिच्यावर सात लिहिलंय.”

“हो.”

“आणि हिच्यावर बावीस.”

“हो.”

“कुणी लिहिलं?”

“गणना चालू आहे. उद्यान खात्याच्या नमुन्याप्रमाणे.”

ते सावकाश सरळ झाले. मूठ तशीच होती. “म्हणजे झाडांना घालतात तसे नंबर?”

“नमुना तोच आहे.”

मी एक शब्दही खोटा बोललो नाही. पण दोन वर्षांपूर्वी फाटकाजवळचे एक क्रमांक घातलेले झाड अध्यक्षांनी छाटले होते, आणि नंतर चार महिने त्यांना खुलासे लिहावे लागले होते, हे मला ठाऊक होते; आणि ते मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी मूठभर मीठ परत गोणीत ओतले, हात झटकले, आणि ते शर्टाला पुसताना एक पाऊल मागे सरकले. पाऊल कुठे पडते आहे ते त्यांनी आधी पाहून घेतले.

“पण बिननंबरी आहेत त्यांचं काय?” ते अचानक म्हणाले. “त्यांना तर मीठ चालेल?”

येथे मी सापडलो. बिनशंखींना शंख नाही, आणि चिकट अंगावर रंग बसत नाही. त्यांच्या पाठीवरचे ठिपके मी वहीत चितारून घेतले होते. पण वहीतल्या चित्राने मिठापासून रक्षण होत नाही. “दहा मिनिटे द्या,” मी म्हणालो, आणि एक बादली घेऊन आलो.

दुपारी बायकोचा आवाज आला.

“अहो, बाथरूममध्ये कोण आहे?”

“बारा जणी आहेत. तपासणीपर्यंत.”

“एक माझ्या टूथब्रशवर आहे.”

“ठिपके कसे आहेत? दोन ओळींत की विखुरलेले?”

यानंतर ती दोन दिवस माझ्याशी फक्त आवश्यक तेवढे बोलली, आणि आवश्यकतेची तिची व्याख्या अत्यंत संकुचित आहे. लाल रंगाची बाटली मात्र तिने कपाटात कुलूप लावून ठेवली.

इकडे अध्यक्षांची अवस्था चमत्कारिक झाली. ज्यांना मारायचे ठरवले होते त्यांची हजेरी आता त्यांना घ्यावी लागत होती, कारण एखादी हरवली तर संशय कोणावर जाणार हे उघड होते. ते सकाळी सहाला उतरत आणि कुंड्यांतून मोजत फिरत. अठरा नंबर एका कुंडीच्या बुडाशी राहायला गेली, तर ती कुंडी त्यांनी चार दिवस हलवली नाही.

“सर,” ते जिन्यातूनच सांगत, “सव्वीस नंबर परवापासून दिसलेली नाही. मी हात लावलेला नाही, आधीच सांगून ठेवतो.”

“ती दिवसा विटेखाली असते.”

“मग तिला सांगा, तोंड दाखवून जात जा म्हणावं. माणसाला घोर लागतो.”

आणि मग, छपाईला चार दिवस उरले असताना, पाण्याच्या नळाच्या बुडाशी मला ती दिसली.

आजवर त्या ओळीविरुद्ध माझ्याजवळ युक्तिवाद होते. झाकण, डोळे, पूर्वज. सगळे खरे, पण भिंग लागणारे. ही मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणारी होती. अंग बोटभर लांब, करडे, बिनशंखीसारखे उघडे; आणि पाठीवर एक शंख, नखाएवढा. त्यात ती शिरणे शक्यच नव्हते. अर्धशंखी. घर आहे, पण त्यात मावत नाही. आमच्या इमारतीतल्या प्रत्येक कुटुंबाची हीच स्थिती असताना हा प्रकार कोणाला समजावून सांगावा लागेल असे मला वाटले नाही. शंखी म्हणा, ती आत जाऊन दाखवणार नाही. बिनशंखी म्हणा, ती शंख पुढे करील. ते वाक्य तिच्यापुढे उभे राहू शकत नव्हते. शोधता शोधता एक क्रमांक मधेच सुटला होता, एकतीस. तो मी तिला दिला. गुलाबी, दोन आकडी, नखासाठी बनवलेल्या रंगाने नखाएवढ्या शंखावर. मग मी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, “मिळाली.”

“गाळणी?” तिने विचारले.

पण माझा चेहरा पाहून ती उठली, चपला घालून माझ्याबरोबर खाली आली, आणि नळाशी उकिडवी बसून बराच वेळ पाहत राहिली. “रंग छान बसलाय,” ती म्हणाली. तिच्याकडून हा जवळजवळ पुरस्कार होता.

तपासणीच्या सकाळी कारकून आले, बगलेत नोंदवही. त्यांच्यामागे विभागप्रमुख आले, आपली काही हरकत नाही हे स्वतः पाहण्यासाठी. अध्यक्ष इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. सिस्टर होत्या. बायकोने बादली आणून बाराही जणींना जागोजागी सोडले होते, आणि ती सहीसाठी स्वतःचे पेन घेऊन आली होती.

हजेरी सुरू झाली. कारकून आकडा पुकारत, आणि मी किंवा अध्यक्ष बोट दाखवत. खरे सांगायचे तर बहुतेक वेळा अध्यक्षच. “सात, डावीकडची तिसरी कुंडी. बावीस, तिच्या मागे. सव्वीस विटेखाली आहे, थांबा, ती लाजते.” मला माझ्या सत्तावीस वर्षांचा किंचित मत्सरही वाटला. बेचाळीस क्रमांकांपुढे बेचाळीस खुणा झाल्या. राहिला एक.

“एकतीस,” कारकून म्हणाले.

नळाच्या बुडाशी मी पाहिले. नळाच्या मागे पाहिले. भिंतीच्या भेगा, झाकणाची कड, अध्यक्षांच्या बाविसाव्या कुंडीची बशी. गुलाबी रंग कुठेच नव्हता. बेचाळीस शंखी, बारा बिनशंखी : एकतीस नसेल तर मी स्वतःच्या हाताने, क्रमांकांसह, विभागप्रमुखांचे वाक्य सिद्ध करून दिले होते.

“ही एक आहे, पण बिनशंखी,” विभागप्रमुख नळावर बोट ठेवत म्हणाले. “आणि क्रमांकही नाही. घ्या तुमच्या वहीत, तेरावी.”

मी त्या करड्या अंगाकडे ओझरते पाहिले. “तेरावी असेल,” मी म्हणालो, आणि पुन्हा भेगांकडे वळलो.

“मग अर्ज बाद करावा लागेल, सर,” कारकून म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरचे दुःख होते. “मला वाईट वाटतं. नमुना इतका सुरेख भरला गेला होता.”

“एवढं मनाला लावून घेऊ नका,” विभागप्रमुख म्हणाले.

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावले. “मी हात लावलेला नाही,” ते हळूच म्हणाले, पण आता ते मला धीर देत होते.

“ही झोपलेय का?” सिस्टर नळाशी वाकून म्हणाल्या. त्यांनी तेराव्या बिनशंखीच्या पाठीवर एका बोटाने दोनदा टकटक केले. पहाटे पाचला रुग्णांना उठवण्याची त्यांची हीच पद्धत असावी. “उठा बघू. साहेब आलेत तपासायला.”

करड्या पाठीवर दोन पातळ पदर होते. ते थरथरले, आणि एखादा चादर बाजूला सारतो तसे दोहो बाजूंना सरकले. त्यांच्याखाली नखाएवढा शंख होता. शंखावर गुलाबी आकडा होता. एकतीस.

अर्धशंखी आपल्या अंगाचे पदर शंखावर ओढून घेते, हे मी स्वतः दोन निबंधांत छापलेले आहे. एकात तर आकृतीसह. तरीही समोर बसलेली ती मी ओळखली नाही, कारण गोगलगाय मी शोधतच नव्हतो. मी आकडा शोधत होतो. पंधरा दिवस झाडांचा नमुना भरता भरता माझीही नजर कारकुनाची झाली होती, आणि ही लाज मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. तिने ती तेव्हाच पाहिली होती.

“म्हणजे शंखी,” विभागप्रमुख प्रथम सावरले.

“पण घरात जात नाही, सर,” कारकून एकटक पाहत म्हणाले. “बोट लावलं तरी गेली नाही.”

“मग बिनशंखी.”

“पण शंख आहे. शंखावर नंबर आहे.”

“अहो, नंबर यांनी घातलाय.”

“झाडांनाही आम्हीच घालतो,” कारकून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण प्रकाश पसरत होता, आणि त्या क्षणी मी तो ज्ञानाचा समजलो. “दोन्हीत बसत नाही, हे मात्र खरं. सर, दोन चालणार नाही. तीन करावे लागतील.”

बायकोने सही केली. अध्यक्षांनी पेनाचे टोपण काढले आणि तिच्या खाली, दुप्पट मोठ्या अक्षरात, सही केली, मग खाली वाकून एकतीस नंबरला म्हणाले, “घोर लावलास की गं.” विभागप्रमुख काही हरकत नसल्याचे सांगून निघून गेले. मी जिना चढलो तो दोन-दोन पायऱ्या. सिस्टरांनी मागून नाडीची आठवण करून दिली; मी ऐकले नाही.

तीन आठवड्यांनी पुस्तिका आली. अध्यक्षांनी माझ्या आधी मिळवली, ते पान कापून सूचनाफलकाच्या काचेमागे लावले, कुलूप घातले आणि मला हाक मारली. आसपास सात-आठ रहिवासी जमले होते. सिस्टर चष्मा पुसत होत्या. मी पुढे झालो आणि वाचले.

“शहरात गोगलगाई आढळतात, त्यांचे प्रकार तीन : शंखी, बिनशंखी व क्रमांकित.”

मी ते पुन्हा वाचले. मग समास पाहिला. या वेळी ओळ समासापर्यंत पोचली होती.

“आपल्या इमारतीतल्या आहेत त्या, तिसऱ्या,” अध्यक्ष जमलेल्यांना सांगत होते. “शहरात दुसरीकडे कुठेही नाहीत.”

दुर्दैवाने हे विधान बिनचूक होते.

“अहो, दोनाचे तीन झाले,” बायको हलकेच म्हणाली. “तीनच म्हणत होतात ना?” तिच्या हातात लाल बाटली होती. ती तिने माझ्यासाठी आणली होती, आनंद झाला तर म्हणून. मी ती घेतली आणि वर गेलो. आत जाऊन तारीख लिहून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तांबडे पेन घेऊन खाली उतरलो. फलकाला कुलूप होते, किल्ली अध्यक्षांकडे, आणि किल्लीसाठी समितीला लेखी अर्ज करावा लागतो. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. ओळ तशीच होती, फक्त तिचा शेवट हलत होता.

फलकाच्या चौकटीला खालच्या कोपऱ्यात एक फट आहे. तिच्यातून एक गोगलगाय आत शिरली होती, शंखवाली, बिननंबरी, माझ्या गणनेतून सुटलेली. कागद दंवाने ओलसर झाला होता. तिचे तोंड ओळीच्या उजव्या टोकाला होते, आणि तिच्या मागे, जेथे काल ‘क्रमांकित’ होते, तेथे कडा बारीक कातरलेले एक स्वच्छ भोक होते. आता ओळ अशी होती : “त्यांचे प्रकार तीन : शंखी, बिनशंखी व”. त्यापुढे मोकळी जागा. सत्तावीस वर्षांत माझ्या बाजूने आलेला हा पहिला तज्ज्ञ अभिप्राय होता.

ती डावीकडे सरकत होती. मी भिंग काढले आणि मनाशी अंतर मोजले. वाटेत ‘व’ लागणार, मग ‘बिनशंखी’, मग ‘शंखी’. तेही गेले तर शास्त्राचे काही नुकसान नव्हते. त्यानंतर ‘तीन’.

अध्यक्ष हजेरी घ्यायला उतरले तेव्हा मी त्यांचीच खुर्ची ओढून फलकासमोर बसलेलो होतो.

“सर, ती पान खातेय,” ते किल्ली चाचपत म्हणाले. “काढू का बाहेर?”

“राहू द्या.”

“पण सगळं खाऊन टाकेल.”

“सगळे नाही,” मी म्हणालो. “‘शहरात गोगलगाई आढळतात’ एवढे उरले की मला हाक मारा. त्याच्यावर मी सही करतो.”